देलेची तयारी करताय? या चुका टाळा

देले ही स्पॅनिश भाषेची परीक्षा, आणि चूक तिच्या नावापासूनच सुरू होते. ‘डेले’ नव्हे, ‘देले’. स्पॅनिशमधले त आणि द जीभ दातांना टेकवून म्हणायचे, आपल्या ‘तवा’ आणि ‘दार’सारखे. आपल्या भाषेत ट आणि त लहानपणापासून वेगळे आहेत, तरी मुलं ‘टेंगो’, ‘डोंदे’ म्हणतात, कारण स्पॅनिश शिकताना डोक्यात इंग्रजी चालू असतं. ‘व्ही’ अक्षर दिसलं की ‘व्हिनो’ म्हणतात, ते ‘बिनो’ हवं.

हे इंग्रजीमार्गे जाणं हीच सगळ्यात महाग पडणारी चूक आहे. ‘आय लाइक’वरून ‘यो गुस्तो’ तयार होतं आणि ते मोडायला महिने जातात. मालवणीत ‘माका सोलकढी आवडता’ म्हणणाऱ्याला ‘मे गुस्ता’ शिकवावंच लागू नये. आवडणारी वस्तू कर्ता, आपण ‘मला’. वस्तू अनेक झाल्या की ‘आवडतात’, म्हणजे ‘मे गुस्तान’. ‘समुद्र पाहिला’ पण ‘भावाला पाहिलं’, हा फरक आपण न शिकता करतो. स्पॅनिशमध्येही ‘बी एल मार’, पण ‘बी आ मि एर्मानो’. तो माणसाआधीचा ‘आ’ म्हणजे आपला ‘ला’. बी-१ या मधल्या पातळीला सगळे ज्याला घाबरतात तो सुबहुंतिवो घ्या, म्हणजे इच्छा, शंका सांगताना क्रियापदाचं बदलणारं रूप. ‘तू यावंस असं मला वाटतं’ यातलं ‘यावंस’ म्हणजे ‘किएरो के बेंगास’मधलं ‘बेंगास’. सगळीकडे जुळणार नाही, पण क्रियापदांचे तक्ते पाठ करण्याआधी अशी वीस मराठी वाक्यं वहीत लिहा आणि समोर स्पॅनिश लिहा. तक्ता मग निम्मा सोपा जातो.

मराठी हात देत नाही अशी एक मोठी जागा: ‘आहे’साठी ‘सेर’ आणि ‘एस्तार’ अशी दोन क्रियापदं. ‘एल मांगो एस बेर्दे’ म्हणजे आंबा रंगाने हिरवा. ‘एल मांगो एस्ता बेर्दे’ म्हणजे अजून पिकला नाही, कैरी आहे. ‘कायमचं ते सेर, तात्पुरतं ते एस्तार’ हा क्लासमधला शॉर्टकट सोडून द्या. मेलेला माणूससुद्धा ‘एस्ता मुएर्तो’ असतो, त्यात तात्पुरतं काय आहे?

दुसरी मोठी चूक गुणांच्या हिशोबाची. बी-१ ला चार भाग, प्रत्येकी २५ गुण. पण बेरीज दोन गटांत होते: वाचन आणि लेखन एकत्र, श्रवण आणि संभाषण एकत्र. प्रत्येक गटात ५० पैकी ३० हवेत. वाचन २३, लेखन २१, श्रवण १३, संभाषण १५ असे गुण मिळाले तर एकूण ७२ होतात आणि निकाल ‘नो आप्तो’, म्हणजे नापास, लागतो, कारण दुसरा गट २८ वर अडकला. घरी एकट्याने अभ्यास करणारे नेमके इथेच बुडतात. गटातल्या गटात मात्र भरपाई होते. कान कच्चा असेल तर बोलणं १८-१९ पर्यंत न्या.

तिसरी चूक पाठ केलेलं पत्र. रत्नागिरीच्या एका हुशार मुलाने मैत्रिणीला कोकणात बोलावणारं ११५ शब्दांचं सुंदर पत्र घोटलं होतं. परीक्षेत आलेल्या पत्रातली मैत्रीण नव्या शहरात राहायला गेली होती आणि घर शोधण्याबद्दल सल्ला विचारत होती. त्याने आधी समुद्र आणि हापूस लिहून काढला, सत्तर शब्द तिथेच संपले. सल्ला आणि स्वतःचा अनुभव एका वाक्यात कोंबला. व्याकरणाची चूक एकही नाही, तरी गुण गेले, कारण तपासताना शुद्धता हा चारपैकी एकच निकष असतो. मागितलेल्या प्रकाराला धरून लिहिलंय का, मजकूर सुसंगत आहे का, शब्दसंपत्ती किती, हेही बघतात. पहिल्या पत्राला १००-१२० शब्द, दुसऱ्या लेखनाला १३०-१५०, दोन्ही मिळून ६० मिनिटं. सूचनेतल्या प्रत्येक मुद्द्यावर पेन्सिलने खूण करा, मुद्द्याला दोन वाक्यं धरा. आपल्या अक्षरात एका ओळीला किती शब्द बसतात ते घरीच मोजून ठेवा, म्हणजे परीक्षेत शब्द मोजत बसावं लागणार नाही. पाठ करायचंच असेल तर फक्त सुरुवात आणि निरोप.

श्रवणाचा सराव हेडफोन लावून आणि सबटायटल बघून करू नका. फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. पत्र्यावर पाऊस वाजत असेल तर उत्तमच. प्रत्येक ध्वनिफीत दोनदा ऐकवतात: पहिल्यांदा खात्रीची उत्तरं, दुसऱ्यांदा उरलेली. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही गोल रिकामा ठेवू नका. फक्त माद्रिदचे उच्चार ऐकून जाऊ नका, लॅटिन अमेरिकेतले आवाजही येतात.

तोंडीआधी १५ मिनिटं तयारीला मिळतात, ती पहिल्या दोन कामांसाठी. कागदावर शब्द लिहा, वाक्यं नकोत. टिपण बघता येतं, वाचून दाखवता येत नाही. फोटोचं वर्णन ऐन वेळी समोर येतं, त्याला तयारीचा वेळ नाही. म्हणून घरातल्या अल्बममधला रोज एक फोटो दोन मिनिटं न थांबता बोलून बघा: कोण, कुठे, काय करतायत, आधी काय झालं असेल.

नमुना प्रश्नपत्रिका देले घेणाऱ्या इन्स्तितुतो सेर्वान्तेस या संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, ध्वनिफितींसकट. त्या घड्याळ लावूनच सोडवा.

सिएले ही स्पॅनिशचीच, पण वेगळी परीक्षा आहे. ती संगणकावर होते, त्यात पास-नापास नाही आणि प्रमाणपत्र ५ वर्षं चालतं. देलेला मुदत नाही. फॉर्म भरण्याआधी नोकरी किंवा कॉलेज नेमकं कोणतं मागतंय ते विचारा.

आणि जुलैची तारीख घेतली असेल, केंद्र मुंबई-पुण्याकडे असेल, तर कोकणातून आदल्या रात्रीच्या गाडीने निघून सकाळी थेट परीक्षेला बसायचा बेत करू नका. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, गाड्या हळू चालतात, दरड आली तर दिवस जातो. तोंडी परीक्षा वेगळ्या दिवशीही असू शकते, तेव्हा परतीचं तिकीट दोन्ही तारखा हातात आल्यावरच काढा.