प्लेअर पियानोचा गप्प न बसणारा सूर

न्यू जर्सीत घेतलेल्या जुन्या प्लेअर पियानोवर (छिद्रं पाडलेल्या कागदी रोलवरून आपोआप वाजणारा पियानो) रोल लावला की काही सूर मुके, एक मात्र सतत चालू. हाताने वाजवलं तर सगळं ठीक, म्हणजे दोष हवेच्या यंत्रणेत. कागदातलं छिद्र पितळी पट्टीवरच्या छिद्रासमोर आलं की हवा आत शिरते, झडप उघडते आणि छोटा भाता मिटून हातोडी हलवतो. ८८ सुरांचा रोल १९०८ साली अमेरिकेतल्या बफेलो शहरात प्रमाण ठरला, म्हणून आजही वेगवेगळ्या कंपन्यांचे रोल चालतात. केवढी सोय! मुकी छिद्रं कागदाच्या भुशाने बुजली होती. हातपंपाने तो ओढून काढला (फुंकू नका, कचरा आत जातो). हट्टी सुराचं छिद्र चिकटपट्टीने झाकलं, तरी तो वाजतच राहिला. म्हणजे हवा दुसरीकडून शिरत होती: त्या छिद्रामागची रबरी नळी तडकली होती. बदलली, गप्प झाला.