दुसरं बाळ घरी आलं की बाबाने मोठीला सांभाळावं

पहिलं बाळंतपण माहेरी, दुसरं सासरी, हा रिवाज आमच्या घरातही पाळला गेला. त्यामुळे मोठी घरी आली ती तीन महिन्यांची होऊन, मान धरून. धाकटा मात्र दवाखान्यातून थेट आमच्या दोन खोल्यांत आला. नाळ पडलेली नाही, बायकोचे टाके ओले, आणि दारात सव्वादोन वर्षांची मोठी, आईने उचलून घ्यावं म्हणून हात वर करून उभी. मी नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात पहिल्या पाळीला जातो, साडेतीनला सुटतो. म्हणजे संध्याकाळ पूर्ण माझी. दुसऱ्यांदा बाबा होणाऱ्यांसाठी हे लिहितोय, कारण या काळात नेमकं काय करायचं ते बायकांना सांगणारे शंभर जण असतात, आपल्याला सांगणारं कुणी नसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की धाकट्याला आई लागते आणि मोठीला तुम्ही लागता. सुटी कामं करू नका, अख्खी जबाबदारी घ्या. मोठीचं उठणं, शी-शू, दात घासणं, खाणं, अंघोळ, बाहेर नेणं, झोपवणं हे सगळं तुमच्याकडे. बायकोला त्यातलं काही आठवण करून द्यावं लागता कामा नये. आणि याची सुरुवात बाळ यायच्या दोन महिने आधी करा. रात्री झोपायची जागा आईजवळून तुमच्याजवळ तेव्हाच हलवा. बाळ आल्यावर जागा बदललीत, तर मोठीच्या लेखी ती बाळाने घेतली.

दोघं एकदम रडतात तेव्हा काय करायचं, हे आधी ठरवून ठेवा. ही वेळ रोज येते, बहुतेक संध्याकाळी सहा ते आठमध्ये. आधी कुणाला लागलंय का, कोण पडलंय का ते बघा. तसं काही नसेल आणि बाळाचं पोट भरलेलं असेल, तर बाळाला गादीवर उताणं ठेवा आणि मोठीकडे आधी जा. दोन मिनिटं रडल्याने तान्ह्या बाळाला काही होत नाही. मोठीला मात्र आपल्याला थांबवलं गेलं हे बरोबर कळतं. आणखी एक करा. बाळाला मोठ्याने सांगा, ‘थांब हं बाळा, ताईचं झालं की येतो.’ त्याला त्यातलं अक्षर कळणार नाही, पण ते ऐकायचं आहे मोठीला. दिवसभर तिला ‘थांब’ ऐकावं लागतं. बाळालाही थांबावं लागतं, हे तिच्या कानावर पडलं की तिचा चेहरा बदलतो. मी हे रोज बघतो.

‘बाळ झोपलंय, गप्प बस’ हे वाक्य घरातून काढून टाका. ‘चल, कानात सांग’ म्हणा, तीही हळू बोलते आणि कारण बाळ ठरत नाही. पाहुण्यांना तर फोनवरच सांगून ठेवा. ‘आता काय बाई, तुझे लाड संपले’ असं म्हणणारी एक तरी काकू प्रत्येक घरात असते. त्यांचा हेतू वाईट नसतो, पण सव्वादोन वर्षांच्या मुलीला ते खरंच वाटतं. आलेल्यांनी आधी मोठीशी बोलावं, मग तिनेच त्यांना बाळ दाखवावं. हात धुऊन बसावं, बाळाचे मुके घेऊ नयेत आणि सर्दी-खोकला असेल तर चार दिवसांनी यावं. मोठीलाही बाळाचे पाय द्या पापी घ्यायला, तोंड नको. लहान मुलांना सारखी सर्दी होते, ती तान्ह्याला जड जाते.

सुटलेल्या सवयी परत येतील. चड्डीत शू होईल, भरवच म्हणेल, बाळाची टोपडी डोक्यावर घालून दुपट्यावर झोपेल. रागावू नका, भरवा. आमच्याकडे दोन घास मी भरवले की पुढचा वरणभात ती स्वतः खाते.

बाळाचं एक काम मात्र पूर्ण तुमचं असू द्या. मी बाळाच्या अंघोळीचं काम घेतलं. नाळ पडेपर्यंत ओल्या मऊ कापडाने पुसून घ्यायचं, नाळेला काही लावायचं नाही. नाळ पडून बेंबी सुकली की मग पायांवर अंघोळ. बाथरूमच्या भिंतीला पाठ टेकून पाटावर बसा, पाय लांब सोडून पावलं जुळवा. बाळ नडग्यांवर, डोकं पावलांकडे, पाय तुमच्या पोटाकडे. बादलीत आधी गार पाणी, मग गरम, आणि कोपर बुडवून बघा. कोपराला कोमट लागलं पाहिजे. आधी पाय, मग पोट, मग पालथं घेऊन पाठ. डोकं सगळ्यात शेवटी, आणि कपाळावर हात आडवा धरून, म्हणजे नाकातोंडात पाणी जात नाही. ओलं अंग निसटतं, म्हणून एक हात कायम काखेत. नाका-कानात तेल घालू नका, डोळ्यांत काजळ नको आणि धुरी अजिबात नको. तो धूर बाळाच्या छातीत जातो. मालिशवाल्या मावशी नाराज होतील, आजीही होईल. आदराने सांगा, पण सांगा.

या अंघोळीत मोठीला घ्या. तिच्या हातात फुलपात्र द्या, बाळाच्या पावलांवर पाणी घालायचं काम तिचं. गरम पाण्याची बादली तुमच्या उजव्या हाताला, मोठी डावीकडे, ही बाजू कधी बदलायची नाही. पाणी पडलं की बाळ पायाची बोटं पसरतं आणि ती दर वेळी तितक्याच जोरात हसते.

रात्रीचं. अंगावर पाजायचं काम आईचं, पण पाजून झाल्यावर बाळ तुमच्या खांद्यावर आलं पाहिजे. ढेकर येईपर्यंत पाठीवरून हात फिरवा, दहा-पंधरा मिनिटं उभं धरा, लंगोट बदला आणि मग ठेवा. तेवढी झोप बाळंतिणीला मिळते आणि ती तिला औषधासारखी लागते. बाळाला उताणंच झोपवा, कडक गादीवर, तोंडाजवळ गोधडी, उशी, दुलई काही नको, राईची उशीसुद्धा नको. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध, वरचं पाणी नाही, गुटी नाही, मध तर वर्षाचं होईपर्यंत नाही. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर दिवसाला सहा किंवा जास्त लंगोट ओले होत असतील तर दूध पुरतंय.

मोठीला आणि बाळाला एका खोलीत एकटं सोडू नका, पाणी आणायला जाण्यापुरतंसुद्धा नाही. तिच्या मनात काही वाईट नसतं. उलट प्रेमाने ती आपलं बिस्कीट बाळाच्या तोंडात घालते. खेळण्यातले चपटे गोल सेल कुलपात ठेवा, ते गिळले तर जीव जातो. अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे मोठीलाही देऊ नका.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा वर ताप आला, तर घरातलं औषध न देता लगेच डॉक्टरकडे. बाळ प्यायचं बंद झालं, छाती आत ओढून श्वास घेऊ लागलं किंवा पिवळेपणा तळपायापर्यंत उतरला, तरी लगेच. लसींच्या तारखा तुमच्या फोनवर लावा, दीड, अडीच आणि साडेतीन महिने. मोठीचं कार्डही त्याच दिवशी तपासा, सोळा ते चोवीस महिन्यांतला बूस्टर या धावपळीत राहून जातो. सरकारी केंद्रात या लसी मोफत आहेत.

बायकोकडे नीट लक्ष द्या. पहिल्या काही दिवसांत रडू येणं सर्रास होतं. पण दोन आठवडे उलटूनही ती रडत असेल, बाळ झोपलेलं असूनही तिला झोप येत नसेल, कशातच मन लागत नसेल, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांना सांगा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर आहे, मराठीत बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला काही करण्याचे विचार बोलून दाखवले, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या, तिला एकटं ठेवू नका.

सुट्टीचं गणित आधी करा. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना १५ दिवस पितृत्व रजा मिळते आणि ती बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत घेता येते. खासगी नोकरीत असा कायदा नाही, तुमच्या कंपनीचा नियम बघा आणि साठलेली रजा वाचवून ठेवा. सगळी सुट्टी जन्माच्या वेळी संपवू नका. तेव्हा घर माणसांनी भरलेलं असतं. खरी ओढाताण आजी गावी परत गेल्यावर सुरू होते, निम्मी रजा तिथे लागते. आजी जायच्या आठवडाभर आधी तिला संध्याकाळी देवळात किंवा शेजारी पाठवा आणि स्वयंपाक, मोठीचं जेवण, बाळाची शांतवण हे सगळं तुम्ही दोघांनीच करून बघा. कुठे अडतंय ते त्या आठवड्यात कळतं, आणि ते विचारायला आजी अजून घरात असते.