निवडणूक हरल्यावर वस्तीत पक्ष परत उभा कसा करायचा

निकालाच्या दुसऱ्या दिवशी पक्षाच्या ऑफिसला कुलूप लावू नका, बाकी सगळं नंतर. मी पूर्व नागपुरात बूथवर काम करतो, २३ नोव्हेंबर २०२४ ला, विधानसभेच्या निकालाच्या दिवशी संध्याकाळी आमच्या ऑफिसात खुर्च्या होत्या, माणसं नव्हती. त्याच वर्षी जूनमधे विदर्भात लोकसभेच्या १० पैकी ७ जागा आमच्या महाविकास आघाडीच्या आल्या होत्या, सगळ्यांना वाटलं हवा आपलीच आहे अन् तिथंच गाफील राहिलो, विधानसभेला शहरातल्या ६ पैकी पश्चिम अन् उत्तर या २च हाती आल्या.

कागदाची कामं आधी. उमेदवाराच्या खर्चाचा हिशोब निकालापासून ३० दिवसांत द्यावा लागतो, निवडणूक याचिका, म्हणजे निकालाला कोर्टात आव्हान, करायची असेल तर मुदत ४५ दिवस. हे एक वकील अन् एक हिशोबवाला यांच्यावर सोपवा, बाकीच्यांनी त्यात पडू नका. मंडपवाला, स्पीकरवाला, नाश्तेवाला, सगळ्यांची उधारी त्याच महिन्यात चुकती करा, ते वस्तीतलेच लोक आहेत अन् चार घरी बोलतात.

मग फॉर्म २०. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या वेबसाइटवर बूथनिहाय मतांचा तक्ता मिळतो, मोबाइलवर पाहू नका, प्रिंट काढा, मागच्या निवडणुकीचा पण काढून शेजारी ठेवा. बूथ नंबर बदललेले असतात म्हणून शाळेच्या अन् खोलीच्या नावानं जुळवा. जिथं मतं घटली तेवढेच बूथ लाल पेनानं गोल करा. आम्ही ज्याला आपला गड म्हणायचो तो बूथ लाल झाला अन् ज्या वस्तीला चिडून नावं ठेवत होतो तिथं मतं वाढलेली निघाली, त्या रात्री मला झोप आली नाही.

चिंतन बैठक घ्या, पण हॉटेलात नको, वस्तीतल्या समाजभवनात घ्या. आधी बूथवाले बोलतील, नेते शेवटी, अन् उमेदवारानं फक्त ऐकायचं. कोणी गद्दारी केली हा विषय निघाला की दोन तास तिथंच जातात, म्हणून तक्ता समोर ठेवूनच बोला.

खरं काम त्याच्यानंतर, मतदार यादी घेऊन लाल बूथवर घरोघरी. एका घरी यादीत ६ नावं होती, काकूंनी दार उघडलं, म्हणाल्या, "इलेक्शन तर झालं न भाऊ, आता काहून आले?" पाणी दिलं, बसलो. काका वारले, दोन पोरं पुण्याला नोकरीला अन् सुनेचं नाव चढलंच नाही, म्हणजे कागदावर ६, घरात ३ अन् जिचं मत मिळू शकत होतं ती यादीतच नाही. सुनेचं नाव चढवायला फॉर्म ६, वारलेल्याचं नाव काढायला फॉर्म ७, पत्ता बदलायला फॉर्म ८, बीएलओला, म्हणजे बूथची मतदार यादी सांभाळणाऱ्या सरकारी माणसाला, भेटून भरून द्या. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरच्या १ तारखेला ज्यांना १८ वर्षं पूर्ण होतात त्यांची वेगळी यादी ठेवा. अन् मत का नाही दिलं हे विचारूच नका, नळाला पाणी किती वेळ येते, नाली कधी साफ झाली ते विचारा, वहीत लिहा अन् पुढच्या आठवड्यात त्याचं काय केलं ते सांगायला परत जा.

नोंदणीवर मी एवढा जोर देतो त्याचं कारण नागपूर पदवीधर मतदारसंघ, विधान परिषदेची ती जागा जिथं फक्त पदवीधर मत देतात. कित्येक दशकं भाजपकडे असलेली ती जागा डिसेंबर २०२० मधे काँग्रेसनं घेतली. तिथं यादी दर वेळी नव्यानं तयार होते, जुन्या मतदारालाही फॉर्म १८ परत भरावा लागतो, म्हणून ज्याचे कार्यकर्ते आधीपासून फॉर्म घेऊन फिरतात तो प्रचाराच्या आधीच पुढे असतो.

सुनेचं नाव यादीत आलं तेव्हा मी प्रिंट घेऊन दाखवायला गेलो. काकूंनी चहा ठेवला अन् शेजारणीला हाक मारली, तिच्या पोराचा फॉर्म राहिला होता.