ॲश पॉन्डच्या कामात नव्याने उतरणाऱ्यांसाठी: राख जागेवरच बांधताना

नवी मुंबईत ॲश पॉन्ड, म्हणजे कोळशाची ओली राख साठवायची तळी, नाहीत. ते कोराडीला, चंद्रपूरला, एकलहऱ्याला, भुसावळला, परळीला, औष्णिक वीजकेंद्रांच्या शेजारी. पण तुर्भे-महापे पट्ट्यातल्या लॅबमध्ये किंवा वाशी-बेलापूरच्या कन्सल्टन्सीत जिओटेक्निकलची सुरुवात करणाऱ्याच्या टेबलावर अशा तळ्याचे नमुने आणि बोअरलॉग (बोअरमधल्या थरांची नोंद) कधीही येऊ शकतात. तेव्हा पहिली अडचण अशी, की आपला हात खाडीच्या चिखलावर बसलेला असतो.

राख म्हणजे चिखल नव्हे. तिला प्लास्टिसिटी नाही. विशिष्ट गुरुत्व साधारण १.९ ते २.३, म्हणजे मातीच्या २.६५ पेक्षा बरंच कमी. त्यामुळे तळ्यातली कोरडी घनता पुष्कळदा घनमीटरला १ टनाच्या आसपासच भरते. उलव्याच्या चिखलातून पाणी काढायला पीव्हीडी (पाणी वर आणणाऱ्या उभ्या पट्ट्या) आणि भराव टाकून महिनोन्‌महिने थांबावं लागतं. राखेतून ते त्या मानाने लवकर निघतं. म्हणूनच व्हेन शिअरचे (पातं फिरवून मोजलेल्या ताकदीचे) आकडे राखेत विश्वासाचे नसतात: पातं फिरतानाच पाणी निसटतं आणि ‘अनड्रेन्ड’ (पाणी आत अडकलेलं असतानाची) म्हणून लिहिलेली ताकद प्रत्यक्षात तशी नसते. साध्या शेल्बी ट्यूबमधून (नमुना काढायच्या पातळ नळीतून) ओली राख वर येताना घसरून पडते. पिस्टन सॅम्पलर (नळीत दट्ट्या असलेला) मागा, आणि शक्य असेल तिथे पाण्याचा दाब मोजणारी सीपीटी (शंकू आत दाबत घेतलेली चाचणी) करून घ्या. एसपीटीचा एन (नळी ३० सेंमी आत जायला लागलेले हातोड्याचे ठोके) ० ते ४ आला तर दचकू नका, पण त्यावर मशीन चढवण्याआधी मात्र दचका. वरचा वाळलेला पापुद्रा टणक वाटतो, खाली संपृक्त राख असते, आणि एक्स्कॅव्हेटरच्या हादऱ्याने ती पातळ होते. जिओग्रिड (प्लास्टिकची जाळी) आणि त्यावर मुरमाचा थर, हा रस्ता आधी.

आता मुख्य मुद्दा. राख जागेवर ठेवायची म्हटलं की बहुतेक जण वरच्या झाकणाचा विचार करतात: जिओमेम्ब्रेन (पाणी न झिरपणारा प्लास्टिकचा पडदा), माती, गवत. झाकण पाऊस अडवतं. पण राखेचा तळ भूजलपातळीच्या खाली असेल तर पाणी बाजूने शिरतं, राखेतून जातं आणि पुढच्या विहिरीकडे निघतं. झाकणाला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून डिझाइनच्या आधी पिझोमीटर (भूजलपातळी मोजायची नळी), आणि वाचन निदान एका पावसाळ्यापूर्वीचं व नंतरचं. फक्त मे महिन्यातल्या पातळीवर बेतलेलं काम सप्टेंबरात उघडं पडतं. पाण्याखाली राहणारी राख सिमेंटने घट्ट बांधायची, हाच या कामाचा गाभा.

आपल्याकडची राख बहुतेक कमी चुन्याची, स्वतःहून बांधली जात नाही. सुरुवातीच्या चाचण्यांसाठी कोरड्या राखेच्या वजनाच्या ६, ९ आणि १२ टक्के बाइंडर (राख बांधणारा माल) घ्या. एका संचात निखळ सिमेंट, दुसऱ्यात बरंचसं स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली दळलेली मळी). अशा कामात सहसा मागितलं जातं ते असं: दाबताकद ०.३५ मेगापास्कलच्या पुढे आणि पारगम्यता सेकंदाला सेंटिमीटरच्या दहा लाखाव्या भागाहून कमी. ताकद पहिल्या फेरीतच मिळते, पारगम्यता चिवट असते. स्लॅगचा फायदा तिथेच दिसतो, पण ७ दिवसांच्या आकड्यावर त्याला नापास करू नका. २८ आणि ५६ दिवस थांबा.

नवखे हमखास विसरतात ते रसायन. सिमेंटने पीएच १२ च्या आसपास जातो. आर्सेनिक, सेलेनियम, मॉलिब्डेनम यांचं वागणं पीएचनुसार बदलतं. भक्कम ठोकळासुद्धा ते सोडू शकतो. कचराभूमीच्या आम्लासाठी बेतलेली टीसीएलपी ही निक्षालन चाचणी (पाण्यात काय उतरतं ते पाहणारी) इथे अपुरी. वेगवेगळ्या पीएचला आणि अखंड ठोकळ्यावर, अशा दोन्ही निक्षालन चाचण्या हव्यात. पिण्याच्या पाण्यासाठी आयएस १०५०० या भारतीय मानकाची स्वीकार्य मर्यादा आर्सेनिकला लिटरमागे ०.०१ मिग्रॅ आणि बोरॉनला ०.५ मिग्रॅ. बोरॉन सहज वाहतो, म्हणून गळतीची पहिली वर्दी बहुधा तोच देतो.

साइटवर ऑगर (मोठा फिरता ड्रिल) राखेत उतरवत स्लरी (पाण्यात कालवलेला बाइंडर) मिसळतात, आणि बांधलेल्या राखेचा एकेक खांब, म्हणजे कॉलम, तयार होतो. त्याचं गणित तोंडपाठ हवं. २.४ मीटर व्यासाचा ऑगर, ६ मीटर खोली: सुमारे २७ घनमीटर राख. १ टन घनता आणि १० टक्के बाइंडर धरलं तर एका कॉलमला २.७ टन. पाणी-सिमेंट १:१ ठेवलं तर स्लरी अंदाजे ३.६ घनमीटर. तेवढा माल आत गेला की काही भाग वर उसळून येणारच. तो कुठे टाकायचा, हे कंत्राटात आधी लिहून घ्या. या स्लरीची घनता १.५२ यायला हवी. मड बॅलन्सवर (स्लरीची घनता मोजायच्या काट्यावर) १.४५ दिसली तर कुणीतरी पाणी वाढवलंय, गुणोत्तर १.२ वर गेलंय. बॅच थांबवा.

बिघाड बहुतेक तळाशी आणि सांध्यात होतो. ऑगर खालच्या मूळ मातीत निदान अर्धा मीटर शिरला नाही, तर राखेची न मिसळलेली पट्टी उरते आणि पाणी नेमकं तिथूनच जातं. कॉलम एकमेकांत घुसले पाहिजेत. दुसऱ्या फेरीतले कॉलम पहिले फार कडक होण्याआधी उरका. खोली, फेरे आणि दर मीटरला गेलेली स्लरी हे तिन्ही आकडे ऑपरेटरच्या स्क्रीनवरून स्वतः उतरवून घ्या, संध्याकाळी भरलेल्या फॉर्मवरून नव्हे. नमुना वरून ओरबाडू नका, खोलीवरून ओलाच काढा, आणि कोअर (घट्ट झाल्यावर कापून काढलेले दंडगोल) घेताना निम्मे तरी सांध्यावर घ्या. कॉलमच्या मध्यावरचे कोअर सुरेखच येतात.

हंगाम नोव्हेंबर ते मे. ओल्या सिमेंटने कातडी जळते, तेव्हा गमबूट आणि रबरी हातमोजे. वाळलेल्या राखेत मास्क. आणि तळ्यावर एकट्याने चालायचं नाही, पापुद्रा कितीही पांढरा दिसला तरी.