गिअरबॉक्स उतरवण्याआधी

‘गिअरबॉक्स गेलाय, ऐंशी हजार धरा,’ असा गॅरेजमधून फोन आला की हो-नाही काहीच म्हणायचं नाही. एस्टिमेट लेखी मागायचं. पार्ट, लेबर आणि जीएसटी वेगवेगळे दाखवलेले हवेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून स्पेअर पार्टवर १८ टक्के जीएसटी आहे, त्यामुळे कुणी जुन्याच २८ टक्क्यांनी हिशेब केलेला नाही ना, तेही बघायचं. एक्स्टेंडेड वॉरंटीचे कागद घरात कुठे पडलेत ते शोधायचे. (आमचे गॅसच्या पुस्तकात होते.)

गाडीला लावलेल्या स्कॅनरवर आलेल्या बिघाडाच्या कोडचा फोटो काढून घ्यायचा. नुसता पी०७०० आला असेल, तर गिअरबॉक्सच्या कंट्रोलरने कसलीतरी तक्रार नोंदवलीय, एवढंच कळतं. मूळ दुखणं सोबतच्या दुसऱ्या कोडमध्ये असतं. बॅटरीही तपासायला सांगायचं, ती मेलेली असली की भलतेच कोड येतात.

गाडी एएमटी असेल तर जास्तच चिवटपणा करायचा. तिच्या आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम अ‍ॅक्च्युएटर नावाचं यंत्र करतं. माझी गाडी गायमुखच्या चढावर धक्के खात होती, शेवटी न्यूट्रलला जाऊन थांबली. वागळे इस्टेटमधल्या दुसऱ्या मेकॅनिकने क्लच प्लेट झिजलेली दाखवली. ती बदलली, स्कॅनर लावून क्लचचं लर्निंग केलं, म्हणजे कंट्रोलरला नव्या क्लचची ओळख करून दिली, आणि गाडी चालू लागली. गिअरबॉक्स ठणठणीत होता.

सीव्हीटी (पट्टा-पुलीवर चालणारा) किंवा डीसीटी (दोन क्लचचा) ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर सुटका इतकी सोपी नसते. तिथे आधी तेल बघायचं. जळका वास म्हणजे आत काहीतरी घासलंय. दुधाळ रंग म्हणजे पाणी किंवा कूलंट शिरलंय. गाडी पावसाच्या तुंबलेल्या पाण्यातून गेली असेल, तर खोलण्याआधी विमा कंपनीला कळवायचं. नुसत्या झिजेचे पैसे विमा देत नाही.

दुसरीकडे न्यायची तर फ्लॅटबेडवरच. ऑटोमॅटिक गाडीची ओढती चाकं, म्हणजे इंजिन ज्यांना फिरवतं ती, रस्त्यावर ठेवून टो केलं, तर नसलेलं दुखणं जडतं.

‘खोलल्याशिवाय कळणार नाही’ हे बऱ्याचदा खरंच असतं. पण खोलल्यावर मी नको म्हटलं तर पुन्हा जोडून द्यायचे किती घेणार, हे जॉब कार्डवर लिहून घ्यायचं. नाहीतर सुटे भाग टबात पडलेले असतात आणि आपल्याला मान हलवावीच लागते. कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारातली अख्खी गिअरबॉक्स असेंब्ली टाकायची तर व्हेरिएंट जुळवायचा आणि गॅरंटी बिलावर घ्यायची. गाडी आहे त्या अवस्थेत कितीला जाईल, हे जुन्या गाड्यांच्या दोन डीलरना विचारून ठेवायचं. काम झालंच, तर काढलेले भाग डिकीत टाकून मागायचे.