सागरेश्वरात चितळं मोजायची कशी

एमएस्सीच्या प्रकल्पाला विषय निवडायची वेळ आली की सातारा-सांगलीकडच्या मुलांच्या तोंडी आधी बिबट्या येतो. उसातला बिबट्या बातमीला ठीक, पण एका हंगामात त्याच्या नोंदी इतक्या थोड्या मिळतात की आकडेमोडीला हाती काही उरत नाही. त्यापेक्षा दिवसा दिसणारा आणि कळपानं राहणारा प्राणी घ्या. सांगली जिल्ह्यातलं सागरेश्वर अभयारण्य जेमतेम १०.८७ चौरस किलोमीटरचं, तिथली चितळं नवशिक्याला झेपतात. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत किंवा बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवविज्ञान संशोधन संस्थेत पुढं शिकायचा विचार असेल, तर असं एक काम स्वतः केलेलं असलं की मुलाखतीत बोलायला मुद्दा असतो.

सगळ्यात आधी परवानगी. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २८ नुसार अभयारण्यात अभ्यासासाठी शिरायची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक देतात, आणि त्यांचं कार्यालय नागपुरात. अर्जाला विभागप्रमुखांचं पत्र, दोन पानी आराखडा आणि नकाशा जोडा. फाइल फिरायला वेळ लागतो, म्हणून मार्चमध्ये चालायचं असेल तर अर्ज पावसाळ्यातच टाका. प्राणी पकडायचा किंवा त्याच्या गळ्यात रेडिओ पट्टा घालायचा असेल तर कलम १२ लागतं. पदव्युत्तर प्रकल्पात त्या फंदात पडू नये.

आता रेषा, म्हणजे ज्यांवरून सरळ चालत दिसतील ती चितळं मोजायची त्या. नकाशावर १ किलोमीटर अंतरानं समांतर रेषा मारल्या की एकूण लांबी साधारण ११ किलोमीटर भरते. पहिली रेषा कुठून सुरू करायची ते चिठ्ठी टाकून ठरवा, बाकीच्या आपोआप ठरतात. रेषा चढाला आडव्या नकोत, उतारावरून वर-खाली जाऊ द्या. नाहीतर एक रेषा सगळी पायथ्याला आणि दुसरी सगळी माथ्यावर पडते. गाडीरस्ता किंवा पाऊलवाट रेषा म्हणून वापरण्याचा मोह होतो, कारण पाय कमी दुखतात. पण रस्त्याकडेला गवत वेगळं, प्राण्यांना असलेली माणसाची सवय वेगळी, त्यामुळं तिथली संख्या जंगलाची म्हणून सांगता येत नाही.

सूर्योदयापासून दोन तास चाला, ताशी एक ते दीड किलोमीटर, फार तर त्याच्या जरा पुढं. दोघं पुरे: एक बघणारा, एक लिहिणारा. मार्च-एप्रिलमध्ये पानगळ झालेली असते आणि लांबवर दिसतं. सागरेश्वराच्या देवस्थानाला गर्दी असते ते सोमवार टाळा.

कळप दिसला की जागीच थांबा. होकायंत्रानं रेषेची दिशा घ्या, मग कळपाची. समजा रेषा ९० अंशांवर आहे आणि कळप १२० वर, म्हणजे कोन ३० अंश. रेंजफाइंडरनं, म्हणजे नेम धरून अंतर दाखवणाऱ्या यंत्रानं, अंतर आलं ६० मीटर. ६० ला साइन ३० नं, म्हणजे ०.५ नं गुणलं की रेषेपासूनचं लंब अंतर ३० मीटर. सगळं गणित या एका आकड्यावर उभं आहे. रेषेपासून जितकं लांब जावं तितके प्राणी नजरेतून सुटतात. ही घसरण किती ते लंब अंतरांवरून काढूनच ‘डिस्टन्स’ हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घनता, म्हणजे दर चौरस किलोमीटरला किती चितळं, ते सांगतं.

चुका इथंच होतात. रेंजफाइंडर चितळाऐवजी मधल्या गवताच्या पात्याचं अंतर दाखवतो, म्हणून शेजारच्या बुंध्यावर नेम धरा. अंतर घ्यायचं ते कळपाच्या मध्यापर्यंत, जवळच्या मादीपर्यंत नव्हे. चाहूल लागून कळप पळाला तर तो आधी जिथं उभा होता त्या जागेचं अंतर घ्या, थांबला तिथलं नाही. नजरेनं अंदाज करणाऱ्यांच्या वहीत ५०, १००, १५० असेच आकडे साचतात, आणि आलेख काढला की ते उघडे पडतात. सगळ्यात घातक म्हणजे रेषेवरचाच प्राणी नजरेतून सुटणं, कारण तिथला प्रत्येक प्राणी दिसतोच असं ही पद्धत धरून चालते. मान सारखी आजूबाजूला वळत असली तरी समोर बघायला विसरू नका.

किती चालायचं? किमान ६० ते ८० कळपांच्या नोंदी लागतात. आधी ४ किलोमीटर चालून बघा. त्यात ६ कळप दिसले तर ६० साठी ४० किलोमीटर, म्हणजे सगळ्या रेषा चारेक वेळा. मात्र एकच सोयीची रेषा चाळीसदा चालून हा हिशेब भरत नाही. रेषा १० ते १२ असाव्यात, लांबीला थोड्या कमी असल्या तरी चालतील.

लेंड्या मोजायची पद्धत स्वस्त वाटते, पण माण-खटावच्या माळावर ती वापरू नका. तिथं मेंढरं, शेळ्या आणि काळवीट एकाच गवतावर चरतात, आणि वाळलेल्या लेंड्या ओळखताना जाणकारसुद्धा गडबडतात.

वही पेन्सिलीनं लिहा, दवानं शाई पसरते. रेषा क्रमांक, सुरुवात-शेवटची वेळ, नर-मादी-पाडस, कळपाची संख्या, कोन, अंतर, झाडोरा, सगळं जागेवरच. संध्याकाळी त्याच दिवशी संगणकात भरा. ज्या फेरीत काहीच दिसलं नाही तिचीही ओळ लिहा, शून्य घालून. ती गाळली तर चाललेली लांबी कमी भरते आणि चितळं आहेत त्यापेक्षा जास्त निघतात.