हत्यारांची बॅग निवडताना: साताऱ्यातील एका वायरमनचा अनुभव

आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण करून कामाला लागणारी मुले पक्कड, टेस्टर आणि स्क्रू ड्रायव्हर घेताना चार जणांना विचारतात, कंपनी पाहतात, मूठ हातात धरून बघतात. मात्र ही हत्यारे कशात ठेवायची हा प्रश्न शेवटी हातात उरलेल्या पैशांवर सोडून देतात. सातारा आणि आसपासच्या तालुक्यांत घरांचे वायरिंग, विहिरीवरच्या मोटारी आणि पॅनेलची कामे करताना माझे ठाम मत झाले आहे की बॅग ही हत्यारांइतक्याच काळजीने घ्यायची वस्तू आहे. ती महाग असावी लागत नाही. काय पाहायचे ते ठाऊक असेल, तर साधारण हजार रुपयांच्या आसपास काही वर्षे टिकणारी बॅग मिळते.

दुकानात जाण्यापूर्वी आपली रोजची हत्यारे जमिनीवर मांडून त्यांतले सर्वांत लांब हत्यार मोजावे. आपल्या कामात ते बहुधा हॅक्सॉ, म्हणजे धातू व पाइप कापायची करवत असते. त्याचे पान १२ इंचांचे असले, तरी मुठीसह फ्रेम १६ इंचांच्या आसपास किंवा त्याहून थोडी अधिक भरते. त्यामुळे १३ इंची बॅग घेतल्यास हॅक्सॉचे टोक बाहेर राहते आणि चेन कधीच पूर्ण लागत नाही. हॅक्सॉ रोज लागत असेल तर १८ इंची बॅग घ्यावी, अन्यथा १३ किंवा १६ इंची पुरेशी आहे. केवळ पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून मोठी बॅग घेऊ नये, कारण मोठ्या बॅगेत जागा कधी शिल्लक राहत नाही. जुने स्विच, अर्धवट टेप आणि तारांचे तुकडे साठत जातात आणि दहा-बारा किलोंचे ओझे घेऊन जिना चढावा लागतो.

कापडाच्या बाबतीत दुकानदार ६०० किंवा १६८० असा आकडा सांगतात. हा आकडा डेनिअरचा, म्हणजे ९,००० मीटर धाग्याच्या ग्रॅममधील वजनाचा असतो. आकडा जितका मोठा तितका धागा जाड. हलक्या हत्यारांसाठी ६०० डेनिअरचे पॉलिस्टर चालते, तर हातोडी, छिन्नी आणि पाइप पाना रोज वाहायचा असल्यास १६८० कडे वळावे. तथापि केवळ आकड्यावर विसंबू नये. कापड उलटे करून आतला पाणी अडवणारा थर पाहावा, चिमटीत धरून चुरगाळावे आणि उजेडासमोर धरावे. थरावर पांढऱ्या रेषा उमटल्या किंवा त्याचे पापुद्रे निघू लागले, तर तो एका पावसाळ्यातच सुटेल असे समजावे.

पावसाचा विचार आपल्या जिल्ह्यात टाळताच येत नाही. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, मेढा आणि पाटणच्या बाजूलाही तो भरपूर असतो, तर त्याच जिल्ह्यात दहिवडीकडे कोरडी जमीन आणि धूळ असते. एकाच माणसाला दोन्हीकडची कामे येत असल्याने बॅग दोन्हींना पुरी पडली पाहिजे. सुती कॅनव्हास मजबूत असतो आणि ठिणगी पडल्यास पॉलिस्टरसारखा वितळत नाही, पण भिजला की लवकर वाळत नाही, आणि ओल्या कॅनव्हासमध्ये रात्रभर राहिलेल्या पक्कडीच्या सांध्यावर गंज चढतो. म्हणून पश्चिमेकडे, म्हणजे पावसाच्या भागात कामे अधिक असणाऱ्यांनी आतून थर दिलेले पॉलिस्टर घ्यावे आणि कॅनव्हास कोरड्या भागासाठी किंवा वर्कशॉपसाठी ठेवावा. थर दिलेले कापडही शिवणीच्या भोकांतून पाणी आत घेते, हे मात्र लक्षात असू द्यावे.

सर्वांत अधिक वेळ बॅगेचे बूड पाहण्यात घालवावा. स्लॅबवर, ओल्या वाळूत, सिमेंटच्या पाण्यात बॅग टेकते ती बुडावर, आणि नुसत्या कापडाचे बूड असेल तर छिन्नीचे टोक आतून व खडी बाहेरून ते पोखरत राहते. कडक प्लॅस्टिकचे साचेबंद बूड सर्वांत चांगले. ते नसेल तर निदान रबराचे पाय आणि आत घट्ट बसणारी फळी असावी. त्यानंतर हातात धरायचे पट्टे पाहावेत. काही बॅगांचे पट्टे वरच्या काठालाच शिवलेले असतात, तर काहींचे बुडाखालून पूर्ण फिरून दुसऱ्या बाजूला येतात. दुसरा प्रकारच घ्यावा, कारण त्यात वजन शिवणीवर न पडता पट्ट्यावर पडते. पट्टा जिथे जोडलेला असतो तिथे चौकोन आणि त्यात फुली अशी टीप आहे का, ते बोट फिरवून तपासावे. खांद्याच्या पट्ट्याची कडी लोखंडी असावी. प्लॅस्टिकचा हूक भरल्या बॅगेच्या हिसक्याने तुटतो.

चेनची रुंदी पट्टीने मोजता येते. बंद केल्यावर दातांची रुंदी सुमारे ८ ते १० मिलिमीटर असेल तर ती हत्यारांच्या बॅगेला योग्य आहे. ५ मिलिमीटरची चेन शाळेच्या दप्तरासाठी ठीक. रनर दोन असावेत, म्हणजे एक अडकला तरी काम थांबत नाही.

खिशांच्या संख्येला दुकानात फार महत्त्व दिले जाते, परंतु ३० खिसे असण्यापेक्षा योग्य जागी ८ ते १० असणे बरे. यामागे सुरक्षिततेचे कारण आहे. १,००० व्होल्टपर्यंतच्या कामासाठी इन्सुलेशन दिलेली पक्कड हॅक्सॉच्या पानाशेजारी किंवा कानशीला लागून राहिली, तर तिच्या मुठीवर बारीक चरे पडतात. एखादी चीर खोल गेली की त्या मुठीवर चालू लाइनमध्ये भरवसा ठेवता येत नाही, आणि ही चीर ग्रीसच्या डागाखाली सहज दिसतही नाही. म्हणून धारदार हत्यारे एका बाजूला, इन्सुलेशनची दुसऱ्या बाजूला, आणि क्लॅम्प मीटरसाठी (तारेभोवती चिमटा लावून करंट मोजायचे यंत्र) अस्तर असलेला स्वतंत्र खिसा, एवढी विभागणी होते का हे पाहावे. कानशीही एकमेकींवर घासून बोथट होतात. त्यांना प्रत्येकी वेगळी जागा हवी.

मोटारसायकलवरून फिरणाऱ्यांनी पाठीवरची सॅक निवडताना सावध राहावे. पसरणीचा घाट चढताना पाठीवरचे दहा किलो मागे ओढतात आणि पडल्यास तीच हत्यारे पाठीला लागतात. जड हत्यारे मागच्या सीटवर आडव्या बॅगेत रबरी दोरीने आवळावीत, पाठीवर फक्त मीटर आणि कागदपत्रे ठेवावीत. चाळकेवाडी किंवा वनकुसवडे पठारावर पवनचक्कीच्या कामाला जाणाऱ्या मुलांसाठी मात्र माझा सल्ला वेगळा आहे: उंचीवर हत्यारे चढवण्यासाठी वजनाची क्षमता छापलेली आणि तोंड पूर्ण बंद होणारी लिफ्टिंग बॅगच वापरावी व प्रत्येक हत्याराला दोरी असावी. तिथे पैसे वाचवण्याचा विचार करू नये, कारण खाली माणसे उभी असतात.

ज्यांच्याकडे सुरुवातीला बॅगेपुरतेही पैसे नाहीत, त्यांच्यासाठी गाड्यांची सीट कव्हर शिवणारे कारागीर हा उत्तम पर्याय आहे. त्यांच्याकडे जाड कापड शिवणारी मशीन असते आणि रेक्झिनचे किंवा ताडपत्रीचे तुकडे शिल्लक असतात. आपले पाने व स्क्रू ड्रायव्हर सोबत नेऊन, त्यांच्या मापाने कप्पे आखून गुंडाळी शिवून घेतली की ती तयार बॅगेहून स्वस्त पडते आणि पुढे मोठ्या बॅगेतही तशीच ठेवता येते. फक्त वरून झाकणारी पट्टी ठेवायला सांगावी, नाहीतर गुंडाळी उलटी धरताच हत्यारे घसरतात. बॅगेची टीप उसवली तर तीही याच कारागिरांकडे लगेच घालून घ्यावी. चार टाके सुटले असतानाच नेली तर काम थोडक्यात होते, पट्टा निम्मा निघाल्यावर मात्र आतून नवा तुकडा लावावा लागतो.